मिठातली कापशी

महादेवप्पा पिशवी घेऊन आले तेव्हा विशाखाबाई मुंगसाच्या कपाटाची काच पुसत होत्या.

मे महिना होता. कॉलेजला सुट्टी लागली होती. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाची खोली जूनच्या आत रिकामी करायची होती. संस्थेला तिथं सराव परीक्षांचा हॉल हवा होता. लातूरला आता जागा पुरत नव्हती. दर उन्हाळ्यात नवी पोरं यायची, त्यांच्यासोबत आया यायच्या. एका खोलीत गॅस मांडायच्या आणि पोराला मेडिकल मिळेपर्यंत गावाकडं पाठ फिरवायच्या. संग्रहालयात मात्र कुणी येत नव्हतं. मुंगूस, ससा, खार, खोकड, उदमांजर. सगळी कातड्यात भुसा भरून उभी केलेली, विशाखाबाईंच्या हातची. कुणी गाडीखाली सापडलेलं, कुणी विहिरीत पडलेलं, वनखात्यानं रीतसर कागद करून दिलेलं. आता ती कुठं जाणार हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनीही विचारलं नव्हतं. विचारायचाच कंटाळा आला होता. जायच्या आधी निदान धूळ तरी नसावी, एवढंच त्या बघत होत्या.

महादेवप्पा दारातच थांबले. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, कपाळाला विभूती. हातात खताची प्लास्टिकची पिशवी, तोंड सुतळीनं आवळलेलं. त्यांच्या मागं शिवम्मा. दोघांच्या चपला धुळीनं भरलेल्या.

“कापशी गेली, बाई,” महादेवप्पा म्हणाले.

विशाखाबाईंनी फडकं खाली ठेवलं. पिशवीकडं पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडं. त्यांच्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही. ही कधीपासून बांधलेली आहे, असा आला. त्याची त्यांना लाज वाटली, पण थोडीच.

कापशी ही मांजर होती. तिची गोष्ट भूकंपापासूनची.

त्या वर्षी गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे किल्लारीच्या बाजूची गावं बसली. महादेवप्पांचं गाव त्यातलंच एक. त्यांची लेक शांतम्मा देगलूरला दिलेली. तिची मुलगी शिवांगी आजोळी गणपतीला आली होती. रविवारी परत पाठवा, असं शांतम्मानं बजावलं होतं. विसर्जन बघून जाऊ दे पोरगी, म्हणून शिवम्मानं ठेवून घेतली. म्हातारा-म्हातारी दाराशी निजले होते, ते वाचले. शिवांगी आत होती.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला आंघोळ घालतात. हळद लावतात, विभूती लावतात, बसवून माती देतात. त्या दिवसांत कसलं काय. पाऊस लागला होता. वास सुटला होता. मिळालेल्या लाकडांवर, मोडक्या दारांवर, सगळ्यांना एकत्र आग दिली. शिवांगीला कुणी पाणी घातलं नाही. तिला नीट पाहिलंही नाही कुणी.

मग दगडांच्या ढिगातून एक पिल्लू निघालं. सरकी काढलेल्या कापसासारखं पांढरं, शेपटी तेवढी तांबूस. शिवांगीनं ते आठ-दहा दिवसांपूर्वीच गल्लीतून उचलून आणलं होतं, नावही तिनंच ठेवलं होतं.

विशाखाबाई तेव्हा तिशीतल्या. कॉलेजची पोरं घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये मदतीला जायच्या. शिवम्मा कुणाशी बोलत नसे. मांडीत पिल्लू घेऊन बसलेली असायची. सगळ्या बाया तिला धीर देऊन थकल्या. विशाखाबाईंना धीर देता येत नव्हता. त्यांनी विचारलं, हे दूध पितं का? शिवम्मानं मान हलवली. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, “भाकरी चुरून लागती तिला.” तिथून ओळख झाली. पुढं दरवर्षी महादेवप्पा तुरीची डाळ घेऊन यायचे आणि कापशीची खुशाली सांगून जायचे. स्वतःची खुशाली सांगायची राहून जायची.

शांतम्मा मात्र माहेरी येईना. आईला ती एकच वाक्य बोलली होती: मी रविवारी पाठवा म्हणलं होतं. काही वर्षांनी एकदा, भाऊबंदांत लग्न होतं म्हणून, शांतम्मा आली. नव्या गावातल्या, एकसारख्या घरांच्या ओळीतल्या त्या घरात कापशी उंबऱ्यावर बसली होती. शांतम्मानं तिला उचलून मांडीवर घेतलं. त्यानंतर ती दर गणपतीला यायला लागली. सकाळी यायची, चहा घ्यायची, कापशीला घेऊन बसायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. आईशी कामापुरतं बोलायची. पण यायची.

आता महादेवप्पा टेबलावर पिशवी ठेवत म्हणाले, “औषध घालून ठिवा हिला. तुमच्या ह्या सशावानी. जिती दिसंल अशी.”

बाईंनी कपाटातल्या सशाकडं पाहिलं.

“आमाला नको, बाई. आमी दोघं काय, आज हाव, उद्या न्हाई. पर कापशी नसंल तर शांता कशाला यील?”

शिवम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं नवऱ्याचं म्हणणं खोडलं नाही.

विशाखाबाई नांदेडच्या. तिथं कॉलेजात असताना संग्रहालयाचे शेषेराव त्यांना हे काम शिकवायचे. शेषेराव बोलायला तिखट. पोरीनं मास्तरीण व्हावं, हे कसले खाटकाचे उद्योग, असं म्हणत म्हणतच त्यांनी सगळं शिकवलं. त्यांचं एक म्हणणं होतं, मेलेलं थांबत नाही. जनावर मेलं की उष्णता आतच राहते आणि नासायला आतूनच सुरुवात होते. आधी पोट, मग ओठ, कान, पंजे. बाहेरून जनावर झोपल्यासारखं दिसतं आणि आतून कातडी केसांवरची पकड सोडत असते. म्हणून आधी गार करायचं. कोरडं ठेवायचं. हवा लागू द्यायची. प्लास्टिकमध्ये कधीच बांधायचं नाही. आणि मांसावरून कातडं सुटलं की लगेच मीठ. मीठ पाणी ओढतं, नासणं अडवतं. कातड्याचं पुढं काय व्हायचं ते पहिल्या दिवशीच ठरतं, नंतरची सगळी कारागिरी नुसती सजावट, असं शेषेराव म्हणायचे.

बाईंनी सुतळी कापली. आतून कोमट वाफ आली.

कापशी नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती. कापड ओलं होतं. उलगडलं तर आतली लवही ओली, अंगाला चिकटलेली. पांढऱ्या केसांवर पिवळा रंग चढला होता. कपाळावर, दोन कानांच्या मध्ये, विभूतीची तीन बोटं.

विशाखाबाई खुर्चीत बसल्या.

त्यांनी हळू आवाजात विचारलं तेव्हा महादेवप्पांनी सगळं सांगितलं. काल दुपारी गेली. हिनं चुलीवर पाणी तापवलं. ऊन पाण्यानं आंघोळ घातली, हळद लावली. रात्रभर देव्हाऱ्यापुढं ठेवली. सकाळची पहिली एसटी धरली. गाडीत लोकं बोलतील म्हणून पिशवीत बांधली. एवढं नीट केलं, आता तुमच्या हातात, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

या कामात करू नये अशी एकूण एक गोष्ट झाली होती. गरम पाणी, ओली लव, रात्रभराचा उशीर, बंद पिशवी, मे महिना. बाईंनी कापशीच्या पोटावरचे केस बाजूला केले. खालची कातडी हिरवट झाली होती. त्यांनी चार केस चिमटीत धरून हलकेच ओढले. ते आले. मुळाशी पातळ पापुद्रा घेऊन आले.

नाही जमणार, असं सांगायची हीच वेळ होती. त्यांनी तोंडही उघडलं. मग शिवम्माकडं पाहिलं. ती कापशीकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या खोकडाकडं बघत होती. विशाखाबाईंना एकाएकी फार थकवा आला. नकार द्यायचा तर समजावून सांगावं लागलं असतं. पाण्यानं काय होतं ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा काम सोपं होतं.

“बर्फ लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि मीठ. जनावरांना घालतात ते जाडं मीठ. बघू किती राहतं ते.”

महादेवप्पा बर्फाला गेले. शिवम्मा मिठाला. घरचा फ्रीज चालला असता, पण वीज दुपारभर जायची ती दिवस कलता यायची. बाईंनी कोरड्या फडक्यांनी लव टिपली. पंखा बंद होता म्हणून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला. बर्फ आला तो फोडून रबरी पिशवीत भरला, पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि कापशीच्या पोटाखाली सरकवली. बर्फाचं पाणी लवेला लागू द्यायचं नव्हतं. शिवम्मानं मीठ आणलं. ते खलबत्त्यात कुटायचं काम बाईंनी तिलाच दिलं. मोठा खडा कातड्यावर नीट बसत नाही, मधे मधे जागा सुटते आणि त्या जागीच कातडं नासतं. शिवम्मानं का म्हणून विचारलं नाही. व्हरांड्यात, लिंबाच्या सावलीत बसून ती कुटत राहिली. तिचा खलबत्ता ऐकत बाईंनी दार लोटून घेतलं.

पोटाला धक्का लावायचा नव्हता. म्हणून त्यांनी पाठीवरून चीर घेतली. दोन वर्षांत त्यांनी हे काम केलं नव्हतं. बोटांना आठवत होतं, मानेला आठवत नव्हतं. मान दुखायला लागली. कातडं मोज्यासारखं उलटत गेलं. पायाची बोटं शेवटच्या पेरापर्यंत सोडवली. शेपटीतलं हाड ओढून घेतलं आणि खालून चीर दिली, नाहीतर शेपूट आतून कुजते. कान मागून उलटे केले. ओठ आतून फाडून पातळ केले. या बारीक जागा लोक विसरतात आणि तिथूनच कातडं जातं. चरबीचा कणही ठेवला नाही, कारण चरबीखाली मीठ पोचत नाही. काम करताना त्या कापशीचा विचार करत नव्हत्या. शिवांगीचाही नाही. फक्त पुढची जागा, मग त्याच्या पुढची.

शिवम्मानं कुटलेलं मीठ त्यांनी तळहातानं चोळलं. कानात, पंजात, शेपटीच्या टोकापर्यंत. पोटाच्या भागावर बाहेरून तुरटीचं पाणी टिपलं, आवळली तर आवळेल कातडी. फळीचं एक टोक विटेवर ठेवलं, त्या उतारावर कातडं पसरलं, आतली बाजू वर. सुटेल ते पाणी खाली निघून जावं म्हणून. उरलेलं शरीर त्यांनी त्याच नव्या कापडात गुंडाळलं आणि बर्फावर ठेवलं.

दार उघडलं तेव्हा ऊन कलंडलं होतं.

“उद्या हे ओलं मीठ झटकून नवं घालायचं,” त्यांनी सांगितलं. “किती राहिलं ते तेव्हाच कळेल.”

म्हणजे रात्रीचा मुक्काम आला. महादेवप्पा मठात जाऊ म्हणाले. बाईंनी आपल्या घरी बोलावलं. शिवम्मा दोघांचं ऐकून घेत होती. मग म्हणाली, “शांताकडं जाऊ.”

शांतम्मा लातुरातच होती. धाकटा मुलगा क्लासला घातला होता, त्याच्यासाठी तिनं औसा रोडच्या मागं खोली घेतली होती. वर्ष होत आलं होतं. आईबापांनी ती खोली पाहिली नव्हती. महादेवप्पांनी बायकोकडं पाहिलं. कापशी तयार होईपर्यंत लेकीला कळू द्यायचं नाही, असं त्यांच्या मनात होतं. पण शिवम्मा चालायला लागली होती.

विशाखाबाईंच्या घरी शरदचंद्र सरांनी बायकोच्या हाताचा वास ओळखला. ते पूर्वी याच कॉलेजात शिकवायचे, आता त्यांचा जीवशास्त्राचा क्लास होता आणि शांतम्माचा मुलगा त्यांच्याच बॅचला होता. माणूस वाईट नव्हता. चार पर्यायांतून एक निवडायचा, एवढंच दिवसभर शिकवून त्यांचाही आवाज बसलेला असायचा.

“कुठलं जनावर आज?”

“मांजर.”

“तुझ्या एवढ्या संसारावर सीईटीला एक मार्काचा प्रश्न येत नाही, विशाखा.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि हात पुन्हा धुवायला गेल्या. नंतर सरांनीच चहा करून दिला. मांजर कुणाची ते विशाखाबाईंनी चहा पिता पिता सांगितलं. शांतम्माच्या मुलाला एक थोरली बहीण होती, हे त्यांना माहीत नव्हतं. पोरगा कधी बोलला नव्हता. त्यालाही कुणी फारसं सांगितलं नसावं.

सकाळी तिघं आली. शांतम्मा पुढं होती. चाळिशीची, आईसारखीच बुटकी, साडीचा पदर खोचलेला. पोराचा डबा करून आलेली दिसत होती. ती कुणाकडं न बघता फळीपाशी गेली.

विशाखाबाईंनी कातडं उचललं. मीठ ओलं होऊन बसलं होतं, फळीच्या खालच्या टोकाला पाण्याचा ओघळ. त्यांनी हलक्या हातानं मीठ झटकलं. पाठ झटकली, डोकं झटकलं, शेपूट झटकली. तिथले केस घट्ट होते. मग त्यांनी पोटाकडचा भाग उलटला. मिठाबरोबर पांढऱ्या केसांचे पुंजके खाली पडले. मांड्यांच्या आतले गेले होते. एका कानाच्या कडेचे गेले होते. उघडी कातडी करडी दिसत होती.

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. डोकं राहील. पाठ राहील, शेपूट राहील. पोट गेलं. उभी करता येणार नाही. अंगाचं मुटकुळं करून निजलेली करता येईल, मग गेलेलं झाकलं जाईल. वाळायला, कमवायला, आत भरायला दिवस लागतील. तोवर ही खोली राहिली नाही तर मी घरी नेईन.

महादेवप्पा ऐकत होते. निजलेली तर निजलेली, असं ते पुटपुटले. पण त्यांचं लक्ष लेकीकडं होतं.

शिवम्मा पुढं आली. तिनं जमिनीवरचा एक पुंजका उचलला, बोटांत चोळला. “बाई,” ती म्हणाली, “पाणी घातलं म्हणून झालं का हे?”

विशाखाबाईंनी पोरांना इतकी वर्षं शिकवलं होतं. कातडं का गेलं हे लपवायचं नाही, लपवलं तर पुढचंही जातं. पण इथं पुढचं काही नव्हतं.

“उन्हानं झालं,” त्या म्हणाल्या. “मे महिना आहे. कुणाचंच राहत नाही.”

शिवम्मानं मान हलवली. तिला पटलं की नाही ते कळलं नाही.

शांतम्मानं कातड्याची कड हातात घेतली होती. मिठात पिवळी छटा उतरली होती, ती तिच्या बोटांना लागली. तिनं बोटं नाकाशी नेली. मग आईकडं वळली.

“आव्वा, आंगूळ घातलीस हिला?”

“हाव.”

“साबण लावलीस?”

“न्हाई. नुसती हळद. ऊन पाणी अन् हळद.”

वीज गेली. वर फिरणारा पंखा मंद होत थांबला.

“शिवांगी बी साबण लावू देत नव्हती,” शांतम्मा म्हणाली. “डोळ्यात जातंय म्हणून रडायची.”

शिवम्मा खाली बसली, फरशीवरच. तिनं पदर तोंडाला लावला नाही. हात मांडीवर ठेवून बसली. “घातली असती गं तिला बी,” ती म्हणाली. “पाणीच नव्हतं, शांता. प्यायला पाणी नव्हतं.”

“मला म्हाईत हाय.”

ती आईशेजारी बसली. टेकली नाही, हातही धरला नाही. जवळ बसली एवढंच.

महादेवप्पा मुंगसाच्या कपाटाजवळ जाऊन उभे राहिले, पाठ करून. विशाखाबाईंना आता काय करावं सुचेना. त्यांनी नव्या मिठाचं घमेलं जवळ ओढलं आणि काम सुरू केलं. कान, पंजे, शेपूट.

थोड्या वेळानं शांतम्माच उठली. उरलेलं कुठं आहे, तिनं विचारलं. बाईंनी बर्फावरचं गाठोडं दाखवलं. शांतम्मानं ते दोन्ही हातांनी उचललं, लहान मूल उचलावं तसं मानेखाली हात घालून, खरं तर आत मान कुठं होती ते कळायला मार्ग नव्हता. कॉलेजच्या मागच्या कुंपणाशी जागा होती. महादेवप्पांनी शिपायाकडून टिकाव मागून घेतला. बसवून द्यायचं, खड्डा लांब नको, उभा खण, असं शिवम्मा त्यांना सांगत गेली. खिडकीतून विशाखाबाईंना टिकावाचा आवाज येत होता. उन्हाळ्यातली जमीन, कडक. महादेवप्पा मधेच थांबत. मग शांतम्मा टिकाव घेई.

परत आले तेव्हा तिघांचे हात मातीचे होते. शांतम्मा घाईत होती, पोरगा क्लासहून यायची वेळ झाली होती. जाता जाता ती बापाला म्हणाली, “अप्पा, गणपतीला मला येता यायचं न्हाई. पोराचं बारावीचं वर्ष हाय. तुमीच या हिकडं. आव्वाला घिऊन.”

महादेवप्पांनी फळीकडं बोट दाखवलं. “अन् हिला?”

“हिला बी आणा की तवर. झाली तर.” शांतम्मानं बाईंकडं पाहिलं. “न्हाई झाली तरी या.”

ती गेली. म्हातारा-म्हातारी दुपारच्या गाडीला निघाली. शिवम्मा दारातून मागं वळली. तिनं खलबत्ता उचलून जागेवर ठेवला.

विशाखाबाई एकट्या राहिल्या. मुंगूस, ससा, खार, खोकड, उदमांजर. त्यांची मान दुखत होती. गेल्या दोन दिवसांत आपण खरं किती बोललो आणि खोटं किती, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता, फळीच्या दिशेनं सरकत होता. कातडं उन्हात वाळवलं की वरून कडक होतं आणि आतून ओलंच राहतं. त्यांनी उठून फळी ओढली, भिंतीच्या सावलीत नेली, आणि वीट पुन्हा खाली सरकवली.